विश्लेषण : फॉन्टच्या यादीतले ‘बास्करव्हिल’ नेमके कोण होते?

संगणकावर मजकुराला फॉन्ट देण्याचे दोन मार्ग आहेत. एक तर यादी उघडून नाव निवडायचे. नाही तर, तेच काम शेकडो पानांवर करायचे असेल तेव्हा, जावास्क्रिप्टसारख्या स्क्रिप्टिंग भाषेत दोन-चार ओळी लिहून मजकुराच्या चौकटीला फॉन्टचे नाव, आकार आणि जाडी सांगायची. या नावांत गॅरामाँड, बोडोनी, बास्करव्हिल अशी काही नावे हटकून दिसतात. ती माणसांची आडनावे आहेत. त्यांपैकी जॉन बास्करव्हिल हे अठराव्या शतकातील इंग्लंडमधील मुद्रक. आज जगभरातील संगणकांवर त्यांचे नाव आहे. हयातीत मात्र त्यांना या अक्षरांपायी तोटा सोसावा लागला आणि मृत्यूनंतर त्यांच्या पार्थिवाला सव्वाशे वर्षे धड विसावाही मिळाला नाही. त्यांनी नेमके केले काय आणि आज स्क्रिप्टमध्ये त्यांचे नाव लिहिल्यावर खरोखर त्यांचेच अक्षर मिळते का, याविषयी.

बास्करव्हिल छपाईकडे कसे वळले?

बास्करव्हिल यांचा जन्म इंग्लंडमधील वुस्टरशर परगण्यातल्या वुल्व्हर्ली या गावचा. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद जुन्या कालगणनेनुसार जानेवारी १७०६ची, म्हणजे आजच्या हिशेबाने १७०७ची आहे. तरुणपणी ते जवळच्या बर्मिंगहॅम शहरात आले. हे शहर तेव्हा धातूच्या लहान-मोठ्या वस्तूंच्या कारखानदारीमुळे झपाट्याने वाढत होते. तेथे त्यांनी दोन कामे केली. मुलांना सुंदर हस्ताक्षर शिकवायचे आणि थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरायची. गिऱ्हाइकांना नमुना दाखवण्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या वळणांची अक्षरे कोरलेली पाटीच्या दगडाची एक छोटी फळी बर्मिंगहॅममध्ये अजून जपून ठेवलेली आहे.

या दोन कामांमुळे त्यांच्या हाताला आणि नजरेला एक सवय लागली. लेखणी वळवताना रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक होते, हे हस्ताक्षर शिकवणाऱ्याला नेमके ठाऊक असते. दगडावर छिन्नी चालवणाऱ्याला चूक पुसता येत नाही, त्यामुळे अक्षराची जागा आणि दोन अक्षरांमधील अंतर आधीच ठरवावे लागते. पुढे त्यांच्या छापील अक्षरांत या दोन्ही गोष्टी उतरल्या.

मात्र पैसा त्यांनी कमावला तो वेगळ्याच धंद्यात. १७४०च्या सुमारास त्यांनी ‘जपानिंग’चा कारखाना काढला. पत्र्याच्या तबकांवर, डब्यांवर आणि चौकटींवर काळे चकचकीत रोगण चढवून त्यावर नक्षी आणि चित्रे काढण्याचे हे काम. पूर्वेकडून येणाऱ्या लाखकामाच्या वस्तूंची ही युरोपीय नक्कल तेव्हा श्रीमंत घरांत फार चालत असे. १७४२मध्ये त्यांनी या कामासाठी पेटंटही घेतले. काही वर्षांतच ते शहरातील धनिकांत गणले जाऊ लागले. ईझी हिल नावाची जागा घेऊन त्यांनी मोठे घर बांधले. सोनेरी किनारीचे कपडे आणि चित्रांनी सजवलेल्या फळ्यांची घोडागाडी यांमुळे ते गावात सर्वांच्या नजरेत भरत.

वयाच्या चाळिशीनंतर, सर्व सुखे हाताशी असताना, १७५०च्या सुमारास ते छपाईकडे वळले. त्यांना पैशांची गरज नव्हती. तरुणपणापासून मनात असलेले परिपूर्ण अक्षर त्यांना प्रत्यक्षात आणायचे होते.

धातूचे अक्षर कसे घडत असे?

आज फॉन्ट ही एक फाइल असते. तेव्हा तो शिशाच्या मिश्रधातूचा ढीग असे. आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे. हा झाला ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकून खोलगट साचा करायचा, त्याला मातृका म्हणतात. या मातृकेत वितळलेला धातू ओतून एकेक खिळा पाडायचा. एकाच वळणाची सगळी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांचा ठरावीक मापाचा संच म्हणजे फॉन्ट. इंग्रजीतील हा शब्दही धातू ओतण्याच्या क्रियेवरूनच आलेला आहे.

आकार बदलायचा तर नवे ठसे कोरावे लागत. तिरपे अक्षर हवे तर त्यासाठी वेगळे ठसे. संगणकावर आकाराचा आकडा बदलला की काम होते, तेव्हा त्याच बदलासाठी कारागिराचे कित्येक महिने खर्ची पडत. बास्करव्हिल यांच्यासाठी हे ठसे जॉन हँडी या कारागिराने कोरले. आकृती बास्करव्हिल यांची, हात हँडी यांचा. मनासारखे पहिले अक्षर हाती येण्याआधीच बास्करव्हिल यांचे सहाशे पौंड खर्च झाले होते, अशी नोंद बर्मिंगहॅमचे इतिहासकार विल्यम हटन यांनी केली आहे. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती.

त्यांच्या अक्षरात वेगळे काय होते?

तेव्हा इंग्लंडमध्ये विल्यम कॅसलन यांच्या अक्षरांचे राज्य होते. कॅसलन यांचे अक्षर दणकट, थोडे खडबडीत आणि डोळ्यांना सवयीचे होते. बास्करव्हिल यांना त्यांच्याविषयी आदर होता आणि आपल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी तो व्यक्तही केला. पण त्यांना आणखी पुढे जायचे होते.

त्यांनी अक्षरातील जाड आणि बारीक रेघांमधला फरक वाढवला. गोल अक्षरांचा कल जुन्या वळणात डावीकडे झुकलेला असे, तो जवळजवळ सरळ उभा केला. अक्षरे थोडी रुंद आणि अधिक गोल केली. रेघांच्या टोकांना असणारे छोटे पाय, ज्यांना सेरिफ म्हणतात, ते अधिक टोकदार आणि नीटस झाले. छोट्या ‘जी’ या अक्षराचा खालचा फास त्यांनी पूर्ण बंद केला नाही, तो उघडा ठेवला. मोठ्या ‘क्यू’ची शेपटी मात्र हस्ताक्षरासारखी लांब, डौलदार केली. आजही या दोन खुणांवरून त्यांचे अक्षर ओळखता येते. मुद्रणाचे अभ्यासक या अक्षराला जुन्या आणि आधुनिक वळणांमधील दुवा मानतात. पुढे इटलीत बोडोनी आणि फ्रान्समध्ये दिदो यांनी जाड-बारीक रेघांचा हाच फरक टोकाला नेला.

केवळ अक्षर बदलून का भागले नाही?

बास्करव्हिल यांचे खरे मोठेपण येथे दिसते. नवे अक्षर जुन्या छापखान्यात नेले असते, तर ते जुन्यासारखेच दिसले असते. तेव्हाचा कागद तारांच्या समांतर रेघांच्या साच्यावर बनत असे आणि त्याचा पृष्ठभाग उंचसखल असे. छापयंत्रात कागदामागे मऊ लोकरी कापडाची गादी असे. दाब दिला की खिळा कागदात खोल रुते, शाई कडेने पसरे आणि बारीक रेघ जाड होऊन जाई. म्हणजे ठसा कितीही नाजूक कोरला, तरी वाचकाच्या हाती ती नजाकत पोहोचतच नसे.

त्यामुळे त्यांनी एकेक कडी बदलायला घेतली. छापयंत्राचा दाब देणारा भाग आणि खालचा पाट अगदी सपाट, धातूचे करून घेतले आणि मागची गादी पातळ, कडक केली. शाई स्वतः बनवली. जवसाचे तेल उकळून, मुरवून त्यात बारीक काजळी घोटली. ही शाई इतरांपेक्षा गडद काळी उमटे. कागदासाठी त्यांना जेम्स व्हॉटमन यांचा नवा कागद मिळाला. तो विणलेल्या तारजाळीवर केलेला असल्याने त्यावर रेघा नसत आणि तो अधिक गुळगुळीत असे. छापलेला ओला कागद ते तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबत, त्यामुळे पानाला इस्त्री केल्यासारखी तकाकी येई. पत्र्यावर रोगण चढवून त्याला झळाळी आणण्याचा त्यांचा जुना अनुभव येथे कामी आला असावा.

पानाच्या मांडणीतही त्यांनी असाच बदल केला. तेव्हाच्या पुस्तकांत वेलबुट्ट्या, चौकटी आणि नक्षीकामाची रेलचेल असे. त्यांनी ती जवळजवळ काढून टाकली. समास रुंद ठेवले, ओळींमध्ये मोकळी जागा सोडली, शीर्षकातील मोठ्या अक्षरांमध्ये अंतर राखले. पान उघडल्यावर फक्त अक्षर आणि पांढरी जागा दिसे.

पहिल्या पुस्तकाचे स्वागत कसे झाले?

सात वर्षांच्या तयारीनंतर १७५७मध्ये त्यांचे पहिले पुस्तक बाहेर पडले. हे वर्ष भारतात प्लासीच्या लढाईचे म्हणून लक्षात राहिले, बर्मिंगहॅममध्ये ते छपाईच्या इतिहासात नोंदले गेले. पुस्तक होते रोमन कवी व्हर्जिल यांचे काव्य, मूळ लॅटिनमध्ये. आगाऊ वर्गणी घेऊन काढलेल्या या पुस्तकाच्या वर्गणीदारांत बेंजामिन फ्रँकलिन यांचेही नाव होते. स्वतः मुद्रक असलेल्या फ्रँकलिन यांनी त्याच्या सहा प्रती मागवल्या. युरोपभर या पुस्तकाची वाहवा झाली. पुढच्याच वर्षी मिल्टन यांचे काव्य निघाले.

१७५८मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना आपला मुद्रक म्हणून नेमले. इंग्लंडमध्ये बायबल आणि प्रार्थनापुस्तक छापण्याचा हक्क मोजक्याच संस्थांना होता, केंब्रिज त्यांपैकी एक. बास्करव्हिल यांना बायबल छापायचेच होते. ते स्वतः धार्मिक नव्हते, उलट चर्चविषयी त्यांची मते कडवट होती. पण त्यांच्या नजरेत मुद्रकाची सर्वांत मोठी परीक्षा याच ग्रंथाची होती. विद्यापीठाने अटी मात्र कडक घातल्या. छापलेल्या प्रतींच्या संख्येनुसार बास्करव्हिल यांनाच विद्यापीठाला पैसे मोजावे लागत.

१७६३मध्ये मोठ्या आकाराचे बायबल तयार झाले. अनेक जाणकार त्याला त्यांचे सर्वोत्तम काम मानतात. १२५० प्रती छापल्या गेल्या, पण खप बेताचा झाला आणि शेवटी उरलेला मोठा साठा लंडनमधील एका ग्रंथविक्रेत्याला स्वस्तात द्यावा लागला. पुस्तके देखणी होती आणि महागही होती. ज्या विक्रेत्यांच्या हाती लंडनचा बाजार होता, त्यांना बर्मिंगहॅमच्या या हौशी मुद्रकाविषयी फारसे प्रेम नव्हते.

एव्हाना त्यांची निराशा वाढली होती. १७६२मध्येच त्यांनी राजकारणी आणि लेखक होरेस वॉलपोल यांना पत्र लिहून आपले हाल कळवले होते. संपूर्ण ओतशाळा विकून टाकण्याची त्यांची तयारी होती. परदेशातही त्यांनी विचारणा केली, पण त्यांनी सांगितलेली किंमत कोणी द्यायला तयार झाले नाही. काही काळ छापखाना रॉबर्ट मार्टिन या आपल्या हाताखालच्या माणसाकडे सोपवून ते बाजूला झाले, पुन्हा परतले, पुन्हा पुस्तके काढली. घर चालत होते ते रोगणाच्या कारखान्यावर.

या अक्षरांनी डोळे जातात, असे का म्हटले गेले?

विक्री न होण्यामागे आणखी एक कारण होते. बास्करव्हिल यांच्या बारीक रेघांमुळे आणि चकचकीत कागदामुळे वाचकांचे डोळे दुखतात, असा बोलबाला झाला होता. त्याबाबतचा एक किस्सा फ्रँकलिन यांनी १७६०मध्ये त्यांना पत्राने कळवला. एक रसिक गृहस्थ या अक्षरांना नावे ठेवत होते. त्यांच्या मते सारा देश या अक्षरांपायी आंधळा होणार होता. फ्रँकलिन यांनी कॅसलन यांच्या अक्षरांचा नमुन्याचा कागद घेतला, वरचा नावाचा भाग फाडला आणि तो बास्करव्हिल यांचा म्हणून त्या गृहस्थांपुढे ठेवला. अक्षरांत नेमका दोष कुठे आहे, ते दाखवायला सांगितले. गृहस्थांनी एकामागून एक दोष दाखवायला सुरुवात केली. वाचताना आपल्या डोळ्यांना आताच त्रास होत आहे, असेही सांगितले. प्रत्यक्षात ते रोज जे अक्षर विनातक्रार वाचत होते, त्याचाच तो नमुना होता. फ्रँकलिन यांनी त्यांची फजिती होऊ नये म्हणून खरी गोष्ट तेथे सांगितली नाही.

या किश्श्यामुळे टीका पूर्णपणे खोटी ठरत नाही. फार बारीक रेघा लहान आकारात वाचायला जड जातात, हे आजही फॉन्ट घडवणारे मान्य करतात. पण अक्षराविषयीचे मत डोळ्यांइतकेच नावावरही ठरते, हे त्यातून दिसले.

सेरा ईव्ह्ज यांचे स्थान काय?

बास्करव्हिल यांच्या घरात १७५०च्या सुमारास सेरा ईव्ह्ज नावाच्या बाई घर सांभाळण्यासाठी मुलांसह राहायला आल्या. त्यांचे पती रिचर्ड ईव्ह्ज फसवणुकीच्या प्रकरणात अडकून पळून गेले होते. घटस्फोट तेव्हा जवळपास अशक्य होता. बास्करव्हिल आणि सेरा पती-पत्नीसारखे राहू लागले आणि गावात कुजबुज सुरू झाली. १७६४मध्ये रिचर्ड यांचा मृत्यू झाल्यावर महिनाभरातच दोघांनी रीतसर लग्न केले.

सेरा छापखान्याच्या कामातही होत्या. ८ जानेवारी १७७५ रोजी बास्करव्हिल यांचे निधन झाले, त्यानंतर ओतशाळा काही काळ त्यांनीच चालवली. इंग्लंडमध्ये ठशांना गिऱ्हाईक मिळेना. अखेर १७७९मध्ये त्यांनी ते फ्रेंच नाटककार बोमार्शे यांना ३७०० पौंडांना विकले. फिगारो हे पात्र रंगभूमीवर आणणारे हेच ते बोमार्शे. त्यांना व्होल्तेर यांचे समग्र साहित्य छापायचे होते. त्यातील बरेच लेखन फ्रान्समध्ये बंदी असलेले, म्हणून त्यांनी ऱ्हाइन नदीपलीकडे, स्ट्रासबर्गसमोरच्या केल या गावी छापखाना थाटला. तेथे पुढील दहा वर्षांत ७० खंडांची आवृत्ती बास्करव्हिल यांच्या अक्षरांत निघाली. धर्मसत्तेशी कायम फटकून वागलेल्या मुद्रकाची अक्षरे धर्मसत्तेच्या सर्वांत धारदार टीकाकाराच्या कामी आली.

पार्थिवाची परवड कशी झाली?

चर्चच्या पवित्र मानल्या जाणाऱ्या भूमीत आपल्याला पुरू नये, असे बास्करव्हिल यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्यानुसार ईझी हिलच्या आवारातील एका शंकूच्या आकाराच्या जुन्या इमारतीत त्यांचे दफन झाले. शवपेटी उभी पुरली, अशीही आख्यायिका आहे.

१७९१मध्ये बर्मिंगहॅममध्ये दंगल उसळली. फ्रेंच राज्यक्रांतीविषयी सहानुभूती असणाऱ्यांची आणि प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथीयांची घरे जमावाने पेटवली. ईझी हिलचे घर तोवर दुसऱ्या मालकाकडे गेले होते, तेही त्यात जळाले. पार्थिव मात्र जमिनीखाली तसेच राहिले. १८२०च्या सुमारास कालव्याच्या कामासाठी खोदकाम करताना शिशाची शवपेटी वर आली. ती काही वर्षे एका गोदामात पडून होती, नंतर एका दुकानात नेली गेली आणि लोक ती पाहायला येऊ लागले. १८२९मध्ये ती गुपचूप क्राइस्ट चर्चच्या तळघरात ठेवण्यात आली. पुढे ते चर्चच पाडले गेले आणि १८९८मध्ये पेटी वॉरस्टोन लेन येथील दफनभूमीच्या भुयारात हलवण्यात आली. चर्चच्या भूमीपासून दूर राहण्याची त्यांची शेवटची इच्छा अशा रीतीने मोडली गेली.

अक्षरे पुन्हा कशी सापडली?

एकोणिसाव्या शतकात अभिरुची बदलली आणि बास्करव्हिल यांचे नाव मागे पडले. ठसे फ्रान्समध्ये एका ओतशाळेकडून दुसरीकडे फिरत राहिले. १९१७च्या सुमारास अमेरिकी ग्रंथरचनाकार ब्रूस रॉजर्स यांच्या नजरेस ही अक्षरे पडली आणि त्यांनी त्यांचा माग पॅरिसमधील ओतशाळेपर्यंत काढला. १९२३मध्ये मोनोटाइप कंपनीने यांत्रिक जुळणीसाठी बास्करव्हिलची नवी आवृत्ती आणली आणि इंग्रजी पुस्तकांत हे अक्षर रुळले. १९५३मध्ये पॅरिसच्या शार्ल पेन्यो यांनी मूळ ठसे केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाला भेट दिले. ज्या विद्यापीठाच्या नावाने बायबल छापले, तेथेच ते सुमारे दोनशे वर्षांनी पोहोचले. १९९६मध्ये फॉन्टरचनाकार सुझाना लिच्को यांनी या अक्षरांवर बेतलेला नवा संगणकीय फॉन्ट तयार केला आणि त्याला सेरा यांच्या स्मरणार्थ ‘मिसेस ईव्ह्ज’ हे नाव दिले.

२०१२मध्ये चित्रपटकार एरॉल मॉरिस यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकांवर एक प्रयोग केला. एकच विधान वेगवेगळ्या वाचकांना सहा वेगवेगळ्या फॉन्टमध्ये दाखवून ते पटते का, असे विचारले. सुमारे ४५ हजार वाचकांनी उत्तरे दिली. बास्करव्हिलमध्ये वाचणाऱ्यांत विधान पटल्याचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले. फरक लहान होता, पण फ्रँकलिन यांनी अडीचशे वर्षांपूर्वी केलेल्या गमतीची आठवण करून देणारा होता.

आज स्क्रिप्टमध्ये ‘बास्करव्हिल’ लिहिले की काय मिळते?

उत्तर संगणकावर अवलंबून आहे. ॲपलच्या संगणकांवर बास्करव्हिल नावाचा फॉन्ट आधीपासून असतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येतो तो ‘बास्करव्हिल ओल्ड फेस’. नावावरून तो मूळ वाटतो, पण तो बास्करव्हिल यांच्या ठशांवरून आलेला नाही. १७६०च्या दशकात ब्रिस्टलच्या फ्राय ओतशाळेसाठी आयझॅक मूर यांनी कोरलेल्या नकलेचा तो वंशज आहे. मोफत मिळणारा ‘लिब्रे बास्करव्हिल’ १९४१च्या एका अमेरिकी आवृत्तीवर बेतलेला आहे. म्हणजे तिन्ही नावांत बास्करव्हिल असले, तरी अक्षरे वेगळी आणि त्यांची रुंदीही वेगळी. एका फॉन्टमध्ये चौकटीत बसलेला मजकूर दुसऱ्यात बाहेर सांडू शकतो.

नाव सांगण्याची पद्धतही जागोजागी बदलते. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये यादीत दिसणारे नाव चालत नाही. फॉन्टच्या फाइलमध्ये नोंदलेले पोस्टस्क्रिप्ट नाव द्यावे लागते आणि ठळक किंवा तिरप्या वळणाचे नाव वेगळे असते. ब्राउझरच्या कॅनव्हासवर फॉन्टची ओळ चुकीची लिहिली, तर चूक झाल्याचे कोणी सांगत नाही. आधीचाच फॉन्ट कायम राहतो. ओळ बरोबर आहे, पण त्या नावाचा फॉन्ट संगणकावर नाही, तर ब्राउझर मुकाट्याने दुसरा वापरतो. म्हणून वेबपानांवर एकाऐवजी पसंतीच्या क्रमाने तीन-चार नावांची यादी देण्याची आणि शेवटी ‘सेरिफ’ असा सर्वसाधारण प्रकार लिहिण्याची रीत पडली आहे.

मराठी मजकुराचे काय?

बास्करव्हिल हा रोमन लिपीचा फॉन्ट आहे. युनिकोडमधील मराठी मजकुराच्या चौकटीला तो दिला, तर त्यात देवनागरी अक्षरेच नसल्याने बहुतेक संगणक त्या मजकुरापुरता दुसरा देवनागरी फॉन्ट वापरतात. स्क्रिप्टमध्ये नाव बास्करव्हिलचे राहते, पडद्यावर अक्षर दुसऱ्याचे दिसते. डीटीपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टच्या बाबतीत प्रकार उलटा होतो. त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे योग्य फॉन्ट लागला नाही की मराठी बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. छापखान्यात किंवा वर्तमानपत्राच्या कचेरीत काम केलेल्यांना हा अनुभव नवा नाही.

देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे येतात. त्यामुळे रोमन मजकुरासाठी ठरवलेले ओळींमधले अंतर मराठीला बहुतेक वेळा अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. फॉन्टचे नाव बदलताना अंतर, आकार आणि चौकटीचे मापही बदलावे लागते.

बास्करव्हिल यांनी हाच धडा आयुष्यभराची कमाई ओतून शिकून घेतला होता. ठसा कोरून त्यांचे काम संपले नाही. शाई, कागद, यंत्र आणि पानावरची मोकळी जागा जुळून आली, तेव्हाच ते अक्षर त्यांच्या मनात होते तसे वाचकापर्यंत पोहोचले.